संस्कृत की जर्मन? एका प्रश्नाचा मागचा-पुढचा इतिहास

पुण्या-मुंबईकडच्या मराठी घरांत मूल आठवीच्या उंबरठ्यावर आलं की एक प्रश्न हमखास निघतो : संस्कृत घ्यायचं की जर्मन? कोणत्या विषयात गुण जास्त पडतात, क्लास कुठे आहे, पुढे उपयोग कशाचा, असा सगळा हिशेब होतो आणि एका नावापुढे खूण केली जाते. आपल्याकडे बडोद्यात, किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडे, हा प्रश्न घरोघरी सहसा उठत नाही. पण २०१४ मध्ये तो एकदम राष्ट्रीय प्रश्न झाला. तेव्हा जी बाजू फारशी कोणी मांडली नाही, ती या टिपणात मांडायची आहे.

आधी घडलं काय ते पाहू. सप्टेंबर २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडे ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतात ती संस्था, यांच्यात करार झाला. त्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत तिसरी भाषा म्हणून जर्मन घेता येऊ लागलं. तीनेक वर्षांत सुमारे ५०० केंद्रीय विद्यालयांत सत्तर हजारांहून जास्त मुलं ते शिकत होती. २७ ऑक्टोबर २०१४ रोजी संघटनेच्या नियामक मंडळाने ठरवलं की तिसरी भाषा म्हणून जर्मन बंद. त्या जागी संस्कृत. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालेलं, म्हणजे निम्मं संपलेलं. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. या वर्षी संस्कृतची परीक्षा घेणार नाही, असं सरकारला तिथे सांगावं लागलं. ब्रिस्बेनच्या जी-२० बैठकीत जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केलबाईंनीही आपल्या पंतप्रधानांकडे हा विषय काढला. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्या दिल्लीला आल्या तेव्हा, भारतात परकीय भाषा म्हणून जर्मन आणि जर्मनीत आधुनिक भारतीय भाषा यांना उत्तेजन देण्याचं संयुक्त निवेदन निघालं.

सरकारचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगायला हवं. १९६८ च्या शिक्षण धोरणातलं त्रिभाषा सूत्र भारतीय भाषांसाठी आहे. जर्मन त्यात बसत नाही, हे खरंच. पण चर्चा नियमापाशी थांबली नाही. ती ‘आपली भाषा की परक्यांची’ या वळणावर गेली, आणि संस्कृत नि जर्मन या जणू एकमेकींच्या सवती आहेत, असं चित्र उभं राहिलं. मराठी माणसाने तरी हे चित्र सहज स्वीकारू नये. आपल्या मुलखात या दोन भाषा गेली दीडशे वर्षं एकाच टेबलावर बसून काम करत आल्या आहेत.

गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. दोघांनी मिळून मुंबई संस्कृत ग्रंथमाला चालवली. ब्यूलरांनी सरकारसाठी हस्तलिखितं गोळा केली. त्या सरकारी संग्रहाचं घर पुढे भांडारकर संस्था झाली. पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्नांनी तीन खंडांत काढलेली आवृत्ती अभ्यासक आजही उघडतात. आणि हे येणं-जाणं एकतर्फी नव्हतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये गटिंगन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

त्या पिढीला जर्मन का लागत होतं? कारण साधं आहे. संस्कृतचा त्या काळातला सर्वांत मोठा कोश, बोटलिंक आणि रोट यांचा, सेंट पीटर्सबर्गला सात खंडांत छापला गेला (१८५५ ते १८७५), आणि त्यातले अर्थ जर्मनमध्ये आहेत. वेदांवरचं आणि व्याकरणावरचं बरंच महत्त्वाचं लिखाण जर्मनमध्येच होतं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पन्नाशी उलटल्यावर जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतलं, ते काही हौसेखातर नव्हे.

विष्णु सीताराम सुकथनकर हे दुसरं उदाहरण. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला गेले आणि हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत व्याकरणावर डॉक्टरेट केली. १९२५ मध्ये भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं त्यांच्या हाती आली. देशभरातली हस्तलिखितं जमवायची, पाठभेद श्लोकाश्लोकाने नोंदवायचे, कोणतं हस्तलिखित कोणाच्या कुळातलं ते ठरवायचं, आणि मग सर्वांत जुना हाती लागणारा पाठ छापायचा. ही शिस्त जर्मन पंडितांनी लॅटिन-ग्रीक ग्रंथांवर काम करताना बसवली होती. महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडत नव्हती. कुठे नि कशी मुरड घालायची, ते सुकथनकरांनी ठरवलं. १९६६ मध्ये हे काम पुरं झालं. त्याच धर्तीवर आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत.

बडोद्याचंच आणखी एक उदाहरण देते, कारण ते फारसं सांगितलं जात नाही. जर्मन पंडित हेर्मान याकोबी १९१४ मध्ये गुजरातेत आले असताना त्यांना अहमदाबादेत धनपालाच्या ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश काव्याचं हस्तलिखित मिळालं. त्यांनी ते १९१८ मध्ये म्युनिकला छापलं, जर्मन प्रस्तावनेसह. इकडे गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी चिमणलाल दलाल त्याच काव्यावर काम करत होते. ते वारले, आणि अर्धं राहिलेलं काम डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांच्याकडे आलं. बडोद्याची आवृत्ती १९२३ मध्ये निघाली, तोवर गुणेही गेले होते. हे गुणे फर्ग्युसनचे, पण डॉक्टरेट लाइपझिगची. काव्य गुजरातेतलं, पैसा सयाजीराव महाराजांच्या दरबारचा, संपादक एक गुजराती नि एक मराठी, आणि शेजारी एक जर्मन आवृत्ती. मराठी-गुजरातीच्या जुन्या रूपांचा शोध घेणाऱ्याला अपभ्रंश टाळून चालत नाही. आणि त्या काळी अपभ्रंशाच्या अभ्यासकाला जर्मन टाळून चालत नव्हतं.

जर्मन शिकणं म्हणजे जर्मनांचं सगळं मान्य करणं, असंही नव्हे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यांच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा निष्कर्ष त्याच विद्यापीठात मांडला. परक्यांची भाषा नीट येत असली की त्यांच्याशी त्यांच्या घरात जाऊन वाद घालता येतो.

आता थोडं स्वतःचं. मी आठवी ते दहावी मामांकडे पुण्यात राहून शिकले. शाळेत जर्मन घेतलं, आणि पुढे बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात संस्कृत. लोक म्हणायचे, हे उलटंच झालं. मला ते कधी उलटं वाटलं नाही. हिंदीत दोन लिंगं, इंग्रजीत नामांना लिंगच नाही. पण मराठी पोराला तो-ती-ते आईच्या दुधाबरोबर मिळतं, त्यामुळे जर्मनचे डेअर-डी-डास ऐकून तो दचकत नाही. जर्मनमध्ये सूर्य ‘ती’ आहे नि चंद्र ‘तो’, एवढंच नव्याने पाठ करायचं. मुलीला जर्मन ‘ते’ म्हणतात, यावर वर्ग हसला होता. पण आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की. जर्मनच्या चार विभक्ती म्हणजे आपल्या प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो नि मग वीस. जर्मनही तसंच म्हणतात, ‘एक-आणि-वीस’. ‘कारण मी आज येत नाही’ या वाक्यात आपलं क्रियापद शेवटाकडे जातं. जर्मनमध्येही ‘कारण’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात ते शेवटी जातं. आणि समास तर विचारू नका. आपला हातमोजा म्हणजे त्यांचा ‘हातबूट’, आणि हस्तलिखिताला त्यांचा शब्द ‘हांटश्रिफ्ट’, हात आणि लिखित. पुढे संस्कृतच्या वर्गात समास सोडवताना मला हे जर्मन जोडशब्द उपयोगी पडले, आणि शिकवताना संस्कृतच्या विभक्तींनी जर्मन आठवत राहिलं.

आजची मुलं जर्मन घेतात ती याकोबी वाचण्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक नाही, इंजिनिअरिंगची पुढची पदवी घ्यायची असते, नोकरी असते. त्यात वावगं काही नाही. पण शाळेने दोन भाषांना एकमेकींविरुद्ध उभं केलं की मूल दोन्हीकडे नुसते गुण बघतं, आणि तीन वर्षांनी दोन्ही विसरतं.

माझी खरी खंत वेगळीच आहे. २०१४ च्या त्या सगळ्या वादात त्रिभाषा सूत्राची साक्ष काढली गेली. त्या सूत्राचे मूळ शब्द पाहा. हिंदी प्रदेशात हिंदी नि इंग्रजीखेरीज एक ‘आधुनिक’ भारतीय भाषा शिकवावी, शक्यतो दक्षिणेकडची, असं ते सांगतं. म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला तिसरी भाषा म्हणून तेलुगू, कन्नड किंवा मराठी शिकता यायला हवी होती. भांडण मात्र संस्कृत की जर्मन एवढंच झालं. होळकर, शिंदे आणि गायकवाडांच्या शहरांत दोन-अडीचशे वर्षं नांदलेली मराठी या स्पर्धेत उमेदवार म्हणूनही नव्हती, आणि आपण मराठी मंडळींनीही तिचं नाव घेतलं नाही. २०२० च्या धोरणात तीनपैकी दोन भाषा भारतीय असाव्यात आणि माध्यमिक पातळीवर परकीय भाषाही शिकता यावी, असं म्हटलं आहे. शाळेत पर्यायांचा कागद येईल तेव्हा मराठीची मागणी लेखी करायला हवी. नुसतं आपसांत हळहळून ती येणार नाही.

आणि एक विनंती. वाचकांपैकी कोणाची मुलं-नातवंडं जर्मन शिकत असतील, तर त्यांना एकदा ‘भविसयत्तकहा’च्या १९१८ च्या आवृत्तीची जर्मन प्रस्तावना दाखवा. सोबत गुण्यांची १९२३ ची बडोदा आवृत्ती ठेवा. दोन पानं एकत्र बसून वाचायला मी तयार आहे. जर्मन त्यांनी वाचावं, अपभ्रंशाचं मी बघेन.