बिल्ट-इन फंक्शनची चाचणी (सी भाषा)

सी भाषेच्या प्रमाणात नसलेले, पण कंपायलरला मुळातच ठाऊक असलेले एखादे फंक्शन उपलब्ध आहे का, हे प्रोग्राम कंपाइल होतानाच ठरवण्याची पद्धत. बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर गेली का ते सांगणारे ‘बिल्टिन_ॲड_ओव्हरफ्लो’ हे अशा फंक्शनांचे ठळक उदाहरण. जीसीसी या कंपायलरमध्ये ते पाचव्या आवृत्तीत (२०१५) आले.

जुनी रीत कंपायलरचा आवृत्ती क्रमांक पाहण्याची. ती भरवशाची नाही, कारण क्रमांकावरून कंपायलरची ओळख पटतेच असे नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने जुन्या कोडशी जुळवून घेण्यासाठी स्वतःला वर्षानुवर्षे जीसीसी ४.२.१ म्हणवले आहे. त्यामुळे ‘जीसीसी ५ किंवा पुढचे’ अशी अट घातली, की हे फंक्शन असलेला क्लँगही विनाकारण वगळला जातो. म्हणून प्रश्न थेट फंक्शनबद्दलच विचारावा. ‘हॅज_बिल्टिन’ ही सोय नेमकी त्यासाठी आहे. क्लँगमध्ये ती आधीपासून होती, जीसीसीने ती दहाव्या आवृत्तीत (२०२०) घेतली. वापरताना एक पथ्य पाळावे लागते. ‘ही सोय आहे का’ आणि ‘हे फंक्शन आहे का’ या दोन अटी ‘आणि’ने जोडून एकाच ओळीत लिहू नयेत. जुना प्रीप्रोसेसर अनोळखी नावाच्या जागी शून्य घालतो, पुढचा कंस त्याला उमगत नाही आणि पहिली अट खोटी असूनही ती ओळ चूक ठरते. दुसरी अट पहिलीच्या पोटात, वेगळ्या ओळीवर हवी.

जीसीसी ५ ते ९ मध्ये फंक्शन आहे पण ही सोय नाही, मग क्रमांक टाळणार कसा, हा आक्षेप रास्त आहे. तेवढ्यापुरता क्रमांक पाहावा, पण सोय नसेल तेव्हाच. क्लँगच्या दहाव्या आवृत्तीपूर्वी फंक्शनसारख्या दिसणाऱ्या काही रचनांना ही सोय ‘नाही’ म्हणत असे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: ‘आहे’ या उत्तरातून फंक्शन वेगवान आहे किंवा ते लिंक होईल, याची हमी मिळत नाही. एक असलेले बिट मोजणारे ‘पॉपकाउंट’ प्रोसेसरकडे तशी सूचना नसल्यास लिबजीसीसी या जीसीसीच्या सहायक लायब्ररीतील साध्या फंक्शनला हाक मारू शकते. ३२-बिट यंत्रांसाठी क्लँगने केलेला ६४-बिट गुणाकाराचा ओव्हरफ्लो तपास लिबजीसीसीत नसलेले फंक्शन मागतो आणि लिंकर अडतो, असेही घडले आहे. अशा ठिकाणी ऑटोकॉन्फ किंवा सीमेक या बिल्ड-साधनांमधून छोटा प्रोग्राम लिंक करून पाहणे हाच खरा पुरावा. नुसते कंपाइल करून भागत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘हॅज_बिल्टिन’ नसल्याने त्याच्यासाठी वेगळी शाखा लिहावी लागते.

सी२३ प्रमाणाने ‘हॅज_इन्क्लूड’ स्वीकारले आणि ओव्हरफ्लो तपासणारी हेडर फाइलही दिली; ‘हॅज_बिल्टिन’ मात्र प्रमाणाबाहेरच आहे.