ओटीपी येत नाही? दोष ॲपचाच असतो असं नाही

८ मार्च २०२१ रोजी देशभरात अनेकांचे ओटीपी आलेच नाहीत. ऑनलाइन पैसे भरणं, आधारची पडताळणी, कोविनवर लसीसाठी नोंदणी, सगळंच अडलं. लोकांनी ॲपला आणि बँकेला शिव्या घातल्या. प्रत्यक्षात मेसेज अडकले होते टेलिकॉम कंपन्यांच्या गाळणीत.

नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी ट्रायने २०१८ मध्ये नियम केले होते. एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्वतःची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मेसेजच्या मजकुराचीही आधी नोंदणी करायची. या व्यवस्थेला डीएलटी म्हणतात. नोंदवलेल्या मजकुराशी न जुळणारा मेसेज पुढे जाणार नाही, ही तपासणी त्या दिवशी लागू झाली आणि नोंदणी अपुरी असलेल्या कंपन्यांचे मेसेज अडले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ती सात दिवसांसाठी थांबवली.

आज ही तपासणी रोजची झाली आहे, आणि ॲप बनवणाऱ्यांची डोकेदुखीही. नोंदवलेल्या मजकुरात फक्त ठरवून दिलेली जागा, म्हणजे ओटीपीचे आकडे, बदलता येतात. कोणी सहज म्हणून एखादा शब्द वाढवला, की मेसेज अडू शकतो. गंमत म्हणजे डेव्हलपरला स्क्रीनवर ‘यशस्वी’ असं दिसतं. कारण ॲपचा सर्व्हर क्लाउडवर असतो, तो एसएमएस पाठवणाऱ्या मधल्या कंपनीला विनंती देतो आणि तिथून मेसेज टेलिकॉम कंपनीकडे जातो. ‘यशस्वी’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की मधल्या कंपनीने विनंती घेतली. तुमच्या फोनवर मेसेज पोहोचला का, हे नंतर येणाऱ्या वेगळ्या अहवालातून कळतं.

त्यात आपण घाई करतो. ‘पुन्हा पाठवा’ दाबलं की अनेक ॲप्स नवा ओटीपी तयार करून जुना रद्द करतात. मग उशिरा आलेला पहिला ओटीपी टाकला, की ‘चुकीचा ओटीपी’!

ओटीपीच्या शेवटी कधी कधी अर्थहीन वाटणारी ११ अक्षरं असतात, ती पाहिली आहेत? ती त्या अँड्रॉइड ॲपची खूण असते. तिच्यावरून फोनला कळतं की मेसेज कोणत्या ॲपसाठी आहे, आणि तुमचे बाकीचे एसएमएस वाचण्याची परवानगी न मागताही ते ॲप ओटीपी आपोआप भरू शकतं.

आणि ओटीपी मराठीत का येत नाही? इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मजकूर थोडा लांबला की एकाचे दोन एसएमएस होतात आणि पैसेही दुप्पट. लाखो ओटीपी पाठवणाऱ्याला हे परवडत नाही.

पैशांचा आणखी एक त्रास आहे. काही टोळ्या बॉट वापरून महागड्या परदेशी नंबरांवर हजारो ओटीपी मागवतात. एसएमएसच्या शुल्कातला वाटा त्यांना मिळतो, बिल मात्र ॲपवाल्याला येतं. लहान स्टार्टअपला हे महिनाअखेरीस कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून एका नंबरवरून किती वेळा ओटीपी मागता येईल, यावर मर्यादा घालतात. ट्विटरनेही गैरवापराचं कारण देत मार्च २०२३ पासून एसएमएसवरची दुहेरी पडताळणी फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली.

यावर पर्याय म्हणून पासकी पुढे येत आहे. तिच्यात बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिननेच लॉगिन होतं, मेसेजची गरजच नाही. फक्त फोन हरवला आणि खातं परत मिळवायची वेळ आली, की बऱ्याच ठिकाणी अजून ओटीपीच मागतात.