कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील नावे

देऊळ आतून कसे पाहावे हे सिन्नरकराला शिकवावे लागत नाही. गोंदेश्वराच्या जोत्यावर आम्ही सारे लहानपणी धावलो आहोत. पूर्वेकडून यावे, नंदीला वळसा घालावा, सभामंडपातील खांब पाहावेत आणि डोळे अंधाराला सरावले की गाभाऱ्यात डोकवावे. यादवांच्या काळातील हे काम. बांधविणारा म्हणून परंपरा राव गोविंदाचे नाव सांगते. ज्या पाथरवटांनी तो काळा दगड घडविला, त्यांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. पोट हातावर असलेल्या माणसांत ज्याची हयात गेली, त्याला ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही.

हीच खटक मनात ठेवून आम्ही एकदा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये गेलो. कामानिमित्त मुंबईस गेलो असता अर्धा दिवस मोकळा मिळाला होता. या चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. विलायतेतील गावोगावच्या चर्चच्या धर्तीवर ते बांधले असून त्याचा अभिषेक १८५८ साली झाला. मनोरा पुरा व्हावयास १८६५ साल उजाडले. तो सुमारे दोनशे फूट उंच आहे. आराखडा हेन्री कॉनीबेअर या इंजिनियराचा. मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही याच गृहस्थाची, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ती शांतता आणि उंची. देवळाशी ताडून पाहिले म्हणजे सारे चटकन उलगडते. लोक बसतात ते लांब दालन म्हणजे आपला सभामंडप. दोन्ही अंगांना खांबांच्या ओळी, त्यांवर टोकदार कमानी. पुढे चान्सल नावाचा भाग, तोच गाभारा म्हणा, आणि तेथे वेदी. फरक दिशेचा. गोंदेश्वराचे तोंड पूर्वेला, येथे वेदीच पूर्वेला. म्हणून भक्त उगवतीकडे तोंड करून बसतो. गाभाऱ्यात अंधार नाही, उलट रंगीत काचांतून उजेड आत उतरतो. या काचा न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या कारखान्यातील. पायाखालच्या नक्षीदार फरशाही विलायतेहून आल्या, दगड मात्र इथलाच. बाकांना खाचा दिसतात, त्या बंदुका टेकविण्यासाठी. मीरतचा उठाव १८५७ च्या मे महिन्यात रविवारी झाला. तेव्हापासून गोरा शिपाई प्रार्थनेलाही बंदूक घेऊन जाऊ लागला.

पण आमचे पाय थबकले ते या साऱ्यापुढे नव्हे. १८३८ ते १८४३ या काळातील अफगाणिस्तान आणि सिंध येथील मोहिमांत जे मेले, त्यांचे हे स्मारक. चान्सलच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. जमादाराच्या खालचे हवालदार, नाईक आणि साधे शिपाई यांच्याविषयी स्मारकलेख एवढेच सांगतो की, त्यांची संख्या इतकी मोठी की त्यांची नावे येथे नोंदविणे शक्य नाही. या वाक्यात विलायतेच्या गरिबाघरचा गोरा शिपाईही आला, केवळ आपलाच माणूस नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

मोठी संख्या म्हणजे किती? १८४२ च्या जानेवारीत काबूलहून जे सैन्य मागे फिरले, त्यात साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते. त्यांत गोरे सातशेच्या घरात, बाकीचे हिंदी. शिवाय बारा हजारांवर बाजारबुणगे: पखालजी, मोतद्दार, डोलीवाले, स्वयंपाकी, त्यांची बायकापोरे. पानिपतापासून हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, वास्तविक फौज चालते ती यांच्या पाठीवर. बर्फात आणि गोळीबारात बहुतेक सारे संपले. हे सैन्य मुख्यतः बंगालचे. मुंबईची फौज सिंधमार्गे गेली होती आणि ती १८३९ साली गझनीच्या वेढ्यात होती. बाजारबुणग्यांचा तर त्या लेखात ‘फार झाले’ म्हणूनही उल्लेख नाही.

संख्या मोठी, ही सबब आम्हांला पटत नाही. याच कंपनी सरकारने भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्या शिपायांची नावे कोरली. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली महार शिपायांची नावे आपण वाचू शकतो. पुढे दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे मावली. बेल्जममधील मेनिन वेशीवर १९२७ साली चोपन्न हजारांवर नावे लावली. दगड पुरला, कारण मनात होते. आणि मन नसले म्हणजे काय होते, ते बसऱ्याच्या स्मारकात दिसते. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढल्या. पण त्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली आणि शिपायांचे नुसते आकडे.

‘फार आहेत’ हे वाक्य आम्ही मराठीतही ऐकले आहे. आमच्या ऐन उमेदीची गोष्ट. एका विडी कारखान्यात घरखेपी काम करणाऱ्या बायकांची नावे हजेरीपुस्तकात घ्या, असा आम्ही आग्रह धरला. नाव नाही म्हणजे फंड नाही, बाळंतपणाचा पगार नाही. मुनीम हसून म्हणाला, “अहो, बाया किती! नावे कुठवर लिहायची?” एक म्हातारी आमच्यासोबत होती. तिच्या विड्यांचा हिशेब वीस वर्षे जावयाच्या नावावर चालत होता. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि गल्लीगल्लीतून फिरलो. तीन संध्याकाळी लागल्या. पुष्कळ बायकांनी आधी नवऱ्याचेच नाव सांगितले.

सिन्नर तालुक्यात पलटणीत गेलेली घराणी आहेत. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे जुन्या पेन्शनीचा कागद, पदक वा पलटणीचा आकडा लिहिलेला चिठोरा असेल, तर तो पुढे आणावा. आम्ही तो वहीत उतरवून घेऊ आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करू.