फळयुक्त आयपीए
आयपीए, अर्थात इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्स या सुगंधी फुलांचा भरपूर वापर केलेली कडवट बिअर. तिच्यात फळाचा रस, गर किंवा साल घालून केलेला हा प्रकार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो चांगलाच रुजला. सॅन डिएगोच्या बॅलास्ट पॉइंट ब्रुअरीची ‘ग्रेपफ्रूट स्कल्पिन’ हे त्याचे ठळक उदाहरण.

फळाची जोड इथे उपरी वाटत नाही, कारण सिट्रासारख्या हॉप्सना मुळातच ग्रेपफ्रूट आणि लिंबाचा वास असतो. चव घेताना पेला अर्धाच भरावा, आधी वास घ्यावा. बिअर ताजी असेल तर नुकत्याच सोललेल्या सालीचा झणझणीत दरवळ येतो आणि घोटाच्या शेवटी स्वच्छ कडवटपणा उरतो. फळाच्या गोडव्याने तो झाकून टाकला, तर बिअर फसली म्हणावे.

हा दरवळ अल्पायुषी असतो. प्राणवायूमुळे हॉप्सचा सुगंध मावळतो, रंग काळवंडतो, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उष्णतेत हे सारे झपाट्याने घडते. म्हणूनच कॅलिफोर्नियातील स्टोन ब्रुइंगने 2012 मध्ये ‘एन्जॉय बाय’ काढली आणि पिण्याची अंतिम तारीख थेट बिअरच्या नावातच घातली.

ही मुरवत ठेवायची बिअर नव्हे. घेताना भरल्याची तारीख पाहावी. उन्हात मांडलेली बाटली टाळावी.