परांड्याची तोफ आणि मुरार जगदेव

धाराशिव जिल्ह्यातील परांड्याचा भुईकोट एकेकाळी राजगादीचे ठिकाण होता. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने मुर्तजा निजामशाहास येथेच तख्तावर बसविले. अहमदनगरला 1549 साली ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफही पुढे याच किल्ल्यात होती.

1632 साली मात्र ही तोफ विजापुरास गेली. परांड्याच्या किल्लेदाराने निजामशाहीची बाजू सोडून किल्ला आदिलशाहीच्या स्वाधीन केला, आणि तोफ नेण्याचे काम मुरार जगदेव या सरदाराने पार पाडले. शहाजीराजांच्या चरित्रात मुरारपंताचे नाव ओझरते येऊन जाते. परंतु त्या काळातील निष्ठेचे खरे स्वरूप समजून घ्यायचे तर त्याची हकीकत आम्हांस फार बोलकी वाटते.

1630 च्या सुमारास शहाजीराजांनी आदिलशाही मुलखात धामधूम केली, तेव्हा मुरारपंताने त्यांच्या जहागिरीतील पुणे जाळून उद्ध्वस्त केले. गावावर गाढवांचा नांगर फिरविल्याची आठवण आजही सांगितली जाते. त्यानंतर शहाजीराजे मोगलांकडे गेले आणि 1632 साली त्यांनाही सोडून परत आले. 1633 साली त्यांनी पेमगिरीवर एका बालराजास निजामशहा म्हणून बसविले, तेव्हा पाठीशी कोण उभा होता? तोच मुरारपंत! त्याच वर्षी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर दोघांनी मिळून हत्तीची तुला केली, म्हणून नागरगावचे तुळापूर झाले, असे परंपरा सांगते. 1634 साली मोगलांनी परांड्यास घातलेला वेढाही निष्फळ ठरला.

इतकी चाकरी करूनही 1635 साली दरबारातील कलहात मुरारपंताचा अंत झाला. ज्या आदिलशाहाची त्याने सेवा केली, त्याच्याच हुकुमाने त्याला ठार मारण्यात आले.

दूरच्या फ्रँक राज्यातही असेच घडले होते. 841 सालच्या फोंतनुआच्या लढाईत सरदार बेर्नार जय कोणाचा होतो हे पाहत बाजूला थांबला; मग विजयी चार्ल्स राजाकडे त्याने आपला मुलगा विल्यम याला निष्ठेची हमी म्हणून धाडले. बेर्नारची पत्नी दुओदा हिने त्या मुलासाठी बोधपर ग्रंथ लिहिला. प्रथम देव, मग पिता आणि राजा यांच्याशी प्रामाणिक राहा, असा त्या मातेचा उपदेश होता. 844 साली चार्ल्सने बेर्नारला देहदंड दिला. 850 साली विल्यमही मारला गेला.

या सरदारांना केवळ फितूर म्हणून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. वतन, जहागीर आणि पदरच्या माणसांची पोटे धन्याच्या मर्जीवर अवलंबून होती, आणि धनीच रोज बदलत होते. परंतु त्यांच्या या हिशेबात पुण्याच्या ज्या रयतेची घरे जळाली, तिने कोणाचीही बाजू सोडलेली नव्हती. निष्ठांचा इतिहास वाचताना आपण तिलाही विसरू नये.