जिवाणूंना समुद्री शैवालाचे कवच : अल्जिनेट मण्यांचे तंत्र

नेपियर टाउन (जबलपूर) : सोयाबीनच्या पेरणीपूर्वी बियाण्याला चोळण्यासाठी शेतकरी जिवाणू खताची जी पुडी आणतो, तिची किंमत तिच्यातील जिवंत जिवाणूंमुळे असते. दुकानातील उष्म्याने ते मेले, तर हाती उरते ती निव्वळ भुकटी. सूक्ष्मजीव आणि पेशी जिवंत ठेवून हव्या त्या ठिकाणी पोहोचवण्याच्या प्रयत्नांत जेलीच्या मण्यांत पेशी कोंडण्याचे तंत्र महत्त्वाचे मानले जाते. शास्त्रीय परिभाषेत त्यास पेशींचे 'अचलीकरण' म्हणतात.

या मण्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे अल्जिनेट. तपकिरी सागरी शैवालांच्या पेशीभित्तिकेत तो आढळतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी १८८१ मध्ये तो वेगळा करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील सारगॅसम आणि टर्बिनारिया या शैवालांपासून अल्जिनेट काढले जाते. व्यवहारात त्याची गणना वनस्पतिजन्य पदार्थांत होत असली, तरी आधुनिक वर्गीकरणात तपकिरी शैवाले वनस्पतिसृष्टीत मोडत नाहीत.

मणी कसे तयार होतात?

सोडियम अल्जिनेटच्या सुमारे २ टक्के द्रावणात पेशी मिसळतात आणि ते मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. थेंब पडताच त्याचा बाह्य थर घट्ट होतो आणि साधारण अर्ध्या तासात २ ते ४ मिलिमीटर व्यासाचे मणी तयार होतात. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांमधील खाचांत कॅल्शियमचे आयन बसतात आणि साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात. १९७३ मध्ये मांडण्यात आलेल्या प्रतिकृतीत या रचनेला अंडी ठेवण्याच्या खोक्याची उपमा देण्यात आली.

या प्रक्रियेत उष्णता किंवा विषारी रसायन लागत नाही, त्यामुळे पेशी जगतात. जाळीच्या छिद्रांतून पाणी, साखर, प्राणवायू यांचे लहान रेणू ये-जा करतात. पेशी मात्र आत अडकून राहते.

तुर्भे येथील प्रयोग

महाराष्ट्रात या तंत्राचा उल्लेखनीय वापर मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. बियाण्यांसारखी पेरता येतील अशी 'कृत्रिम बीजे' बनवण्याची कल्पना अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ तोशिओ मुराशिगे यांनी १९७० च्या दशकात मांडली होती. व्ही. ए. बापट, पी. एस. राव आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तुतीचे डोळे जेलीत बंद करून त्यांपासून रोपे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये बापट आणि राव यांनी चंदनाच्या ऊतिसंवर्धनातून मिळालेल्या कायिक भ्रूणांपासून अशी बीजे आणि त्यांतून रोपे तयार केली. मौल्यवान वृक्षाच्या निवडक वाणाची हुबेहूब रोपे करण्याचा मार्ग त्यातून दिसला.

वैद्यकातही याचा शोध सुरू आहे. फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी १९८० मध्ये अल्जिनेटवर आधारित सूक्ष्म कुप्यांत इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी ठेवून त्या मधुमेही उंदरांत बसवल्या. रक्तशर्करा २ ते ३ आठवडे आटोक्यात राहिली.

शेतीशी संबंध

मध्य भारतात सोयाबीन रुजवण्यात जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा मोठा वाटा आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने या पिकावर काम केले. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू, जिथे हे पीक पूर्वी घेतलेले नाही अशा जमिनीत बहुधा नसतात. ते बियाण्यासोबत द्यावे लागतात.

हे जिवाणू सहसा लिग्नाइटसारख्या वाहक भुकटीत मिसळून विकले जातात. खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत जैविक खते २००६ मध्ये आली. त्यानुसार रायझोबियमच्या भुकटीत प्रतिग्रॅम किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी आवश्यक आहेत. परंतु पेरणीपूर्वीचा मे-जून हाच मध्य भारतातील कडक उन्हाचा काळ असतो.

योआव बाशान यांनी १९८६ मध्ये अल्जिनेटचे मणी जिवाणूंचे वाहक म्हणून वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मणी मातीत हळूहळू कुजतात आणि जिवाणू टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात. मोठ्या मण्यांतील जिवाणूंना मुळापर्यंतचे अंतर कापावे लागते, ही अडचण होती. त्यावर उपाय म्हणून २००२ मध्ये बियाण्याला चिकटणारे १०० ते २०० मायक्रोमीटरचे सूक्ष्ममणी पुढे आले.

मर्यादा

अल्जिनेट भुकटीपेक्षा महाग पडते. मणी वाळवताना काही पेशी मरतात. फॉस्फेट किंवा सायट्रेट कॅल्शियम ओढून घेत असल्याने जेली सैल होते. मण्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायूही अपुरा पोहोचतो. म्हणूनच चंदनाचे रोप किंवा औषध यांसारख्या मोलाच्या वस्तूंसाठी जो खर्च परवडतो, तो एकरी हिशेबात बसवणे अवघड जाते.

तोवर साध्या पुडीचीच काळजी घेणे शेतकऱ्याच्या हाती आहे. पुडीवरील पिकाचे नाव आणि अंतिम मुदत तपासावी, ती उन्हापासून दूर ठेवावी. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक सावलीत चोळावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. पेरणीनंतर ५ ते ६ आठवड्यांनी रोप उपटून मुळावरची गाठ चिरून पाहावी. आतून ती गुलाबी-लालसर दिसली, तर जिवाणू जिवंत पोहोचले आणि कामाला लागले, असे समजावे.