ग्लुटाथायोन : मेंदूतील नैसर्गिक संरक्षक संयुग

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. परंतु प्राणवायूच्या वापरात तो सुमारे २० टक्के आहे. या ज्वलनातून निर्माण होणारे क्रियाशील रेणू चेतापेशींना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारे प्रमुख संयुग पेशींतच तयार होते. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीन अमिनो आम्लांपासून बनणारे हे संयुग म्हणजे ग्लुटाथायोन.

अल्झायमर या विकारात ते घटते काय, याचा शोध दिल्लीलगत हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात घेण्यात आला. डॉ. प्रवत कुमार मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापनाच्या साहाय्याने, कवटीला धक्का न लावता, जिवंत मेंदूतील ग्लुटाथायोन मोजले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा पुढचा भाग येथे रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण कमी आढळले. विशेष म्हणजे, विस्मरण नुकतेच जाणवू लागलेल्या व्यक्तींमध्येही ही घट दिसली. लवकर निदानाच्या दृष्टीने या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. २०२२ मध्ये याच गटाने हिप्पोकॅम्पसमधील ग्लुटाथायोनची घट आणि तेथील लोहाची वाढ यांचा संबंध दाखविला.

मात्र ही घट विकाराचे कारण की परिणाम, हे अशा मोजमापातून ठरत नाही. तोंडावाटे घेतलेले ग्लुटाथायोन पचनमार्गातच बऱ्याच अंशी विघटित होते. त्यामुळे बाजारातील गोळ्यांवर विसंबून उपचार लांबविणे हिताचे नाही.

डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटाने २०१२ मध्ये अश्वगंधेच्या अर्काचा उंदरांवरील परिणाम प्रसिद्ध केला. त्यात यकृतातील एका प्रथिनाचे प्रमाण वाढून मेंदूतील अमायलॉइड बाहेर ओढले गेल्याचे दिसले. उंदरांतील हे यश माणसांतही मिळेलच असे नाही.

फरिदाबाद जिल्ह्यातील बल्लभगडच्या ग्रामीण भागातील पाहणीने तर संशोधकांना वेगळेच कोडे घातले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांमध्ये अल्झायमरचे प्रमाण केवळ १.०७ टक्के आढळले. याचे श्रेय हळदीला देण्याची प्रथा पडली आहे. पण मानवी चाचण्यांतून त्यास ठोस पुष्टी मिळालेली नाही. धोका वाढविणाऱ्या एपीओई-४ या जनुकप्रकाराचे तेथील अल्प प्रमाण आणि विकार जडल्यानंतरचे कमी आयुष्य, ही कारणे अधिक संभाव्य मानली जातात.